आतून उघडणारे दार

जागा ताब्यात आली त्या दिवशी आम्ही सर्वांत आधी दाराची कडी बदलली. गाद्या, खुर्च्या, पडदे, दिवे ही खरेदी पुढे दोन महिने चालू राहिली. पण कडी पहिल्याच दिवशी. जुनी कडी बाहेरच्या बाजूस होती आणि दार जोरात लोटले की ती आपसूक पडत असे. तिच्या जागी आम्ही आतून नुसते ढकलले की उघडणारा आडवा दांडा बसवून घेतला. अग्निशमनाचे नियम तसे सांगतात हे एक कारण झालेच. पण आमच्यापैकी दोघांच्या मनात दुसरेही एक कारण होते, आणि ते इंग्रज सोबत्यांना समजावून सांगायला आम्हांला अख्खे एक मराठी नाटक सांगावे लागले.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगमंचावर आले. सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे पाहिलेले प्रेक्षक अजूनही त्या भूमिकेविषयी आवाज खाली आणून बोलतात. नाटकात एक हौशी मंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला उभा करते, बेणारेबाईंना आरोपी करते, आणि पाहता पाहता तो खेळ खराच त्यांच्या आयुष्याचे धिंडवडे काढू लागतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या बाहेर पडू पाहतात तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. कडीची ही खोड नाटककाराने आधीच आपल्या कानावर घालून ठेवलेली असते. आपण मात्र ती विसरलेलो असतो. वर्गात हे नाटक शिकवताना आम्ही पुरुषी समाज, मध्यमवर्गीय ढोंग, हिंसा हे सारे शब्द वापरले आहेत. परंतु स्वतः एक 'खेळघर' उभारू लागलो तेव्हा त्या नाटकाचा एक अगदी साधा अर्थ पुढे आला. तो एका अशा खेळाविषयी आहे, ज्यात खेळणाऱ्या एका व्यक्तीला खेळ थांबवण्यासाठी शब्दच दिलेला नाही, आणि ज्या जागेतून तिला बाहेर पडता येत नाही.

आमचे खेळघर बीडीएसएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवहाराचे होते. बंधन आणि शिस्त, वर्चस्व आणि शरणता, पीडा देण्यातला व घेण्यातला आनंद, अशा जोड्यांची आद्याक्षरे मिळून ते नाव झाले आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गावात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या तळमजल्यावर, महिन्यातून एक शनिवार तीस-पस्तीस प्रौढ माणसे जमत. आम्ही चालवणारे सहा जण: एक निवृत्त परिचारिका, एक सुतार, एक ग्रंथपाल, एक हिशेबनीस, आणि साहित्य शिकवणारे आम्ही दोघे. ज्या वाचकांना या उल्लेखानेच अवघडल्यासारखे होईल त्यांना इतकेच सांगतो की पुढे चटकदार असे काहीही नाही. खेळघर चालवणाऱ्याचा बहुतेक वेळ खुर्च्या मांडण्यात, चहा करण्यात, यादी तपासण्यात आणि रात्री दोन वाजता फरशी पुसण्यात जातो.

इंग्रजीत या व्यवहाराला 'प्ले' म्हणतात. मराठीत या शब्दाची दुहेरी गंमत आपोआप साधते, कारण आपण नाटकाचाही 'खेळ' लावतो. आणि नाटकासाठी घर का बांधावे लागले, याची नाट्यशास्त्रातली कथा आम्हांला या काळात फार जवळची वाटू लागली. भरतमुनी पहिल्या अध्यायात सांगतात की पहिल्याच प्रयोगात विघ्ने आली, नटांची वाचा आणि हालचाल गोठली, इंद्राला ध्वजदंड उगारावा लागला. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितले आणि त्याच्या एकेका भागाच्या रक्षणास एकेक देवता नेमली. म्हणजे आपल्या परंपरेत रंगमंडप निर्माण झाला तो शोभेसाठी नव्हे, खेळणाऱ्यांच्या रक्षणासाठी. दुसऱ्या अध्यायात मंडपाची मापे येतात. तिथे मनुष्यांसाठी मध्यम आकाराचे, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे घर योग्य मानले आहे. त्याहून मोठ्या घरात नटाचा शब्द नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे.

आमचे दालन त्याहून बरेच लहान होते, साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद. तरीही निकष तोच ठेवला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या निरीक्षकाला दालनातला कोणताही चेहरा दिसला पाहिजे आणि कुठलाही शब्द ऐकू आला पाहिजे. त्यामुळे संगीत हळू ठेवले. दिवे मंद होते, पण अंधार कुठेही नव्हता. आडोसे कमरेइतकेच उंच होते. सुताराने लाकडी चौकटी केल्या, त्यांच्या खिळ्या-बोल्टांवर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार टांगून पाहिला, आणि ज्या तुळईविषयी त्याला खात्री नव्हती तिथून कुणालाही दोरीने अधांतरी टांगू द्यायचे नाही, असे ठरले. प्रत्येक चौकटीशेजारी बोथट टोकाची कात्री टांगली. दोर कितीही महाग असो, गरज पडली तर तो सोडवत बसायचा नाही, कापायचा. जंतुनाशक, हातमोजे, स्वच्छ चादरी, प्रथमोपचाराची पेटी, आणि भिंतीवर जागेचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत, कारण घाबरलेल्या माणसाला रुग्णवाहिका बोलावताना आपण कुठे आहोत हेच आठवत नाही. ही सूचना परिचारिकेची. दारू ठेवली नाही आणि पिऊन आलेल्याला आत घेतले नाही. भ्रमणध्वनी दारातच पाकिटात बंद. गळा आवळण्याचा, श्वास कोंडण्याचा कोणताही प्रकार वर्ज्य. त्यात सुरक्षित अशी पद्धतच नाही, आणि अघटित घडते ते इतक्या लवकर की कात्री काही कामाची नसते.

मागच्या बाजूची एक लहान खोली आम्ही 'निवांत खोली' म्हणून राखली. तिथे खेळ नाही, न्याहाळणे नाही, नुसते बसायचे. रजया, चहा, बिस्किटे, पाणी. खेळ संपल्यावर शरीर थंड पडते, काहींना रडू येते, काहींना बोलवत नाही; त्यानंतरची शुश्रूषा हा खेळाचाच भाग मानला जातो. येणाऱ्याला आधी पाणी विचारायचे ही आमची घरची सवय इथे पुष्कळ कामी आली. पहिल्यांदा येणारा माणूस दारात उभा असतो तेव्हा तो कमालीचा भ्यालेला असतो. त्याला नियमावली वाचून दाखवण्याआधी 'या, बसा, पाणी घ्या' म्हटले की निम्मे भय उतरते. नवख्यांना आम्ही आधी दिवसाउजेडी एखाद्या चहाच्या दुकानात भेटत असू, साध्या कपड्यांत, साध्या गप्पांत. खेळघरात येऊन कुणी काहीच केले नाही, नुसते कोपऱ्यात बसून गेले, तरी ते पूर्ण पाहुणे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी उतार, कमी मिळकतीच्या माणसासाठी कमी वर्गणी, आणि कुणाच्याही वर्णाला, देहाला, वयाला विषय करणारी शेरेबाजी झाली तर त्याच रात्री निरोप. स्वागत म्हणजे गोड बोलणे नव्हे. कुणाला बाहेर ठेवायचे हे ठरल्याखेरीज कुणालाच मोकळेपणाने आत घेता येत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. संमतीचा धडा आम्हां दोघांना इतर चौघांपेक्षा जड गेला, आणि त्याचे कारण आमच्या पंगतीत होते. आम्ही ज्या घरांत वाढलो तिथे पाहुण्याच्या 'नको'वर विश्वास ठेवणे हा पाहुणचारातला उणेपणा समजत. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी वाढायची, हा आग्रह. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचे, यजमानाने चौथ्यांदा वाढायचे, आणि दोघांनीही प्रसन्न व्हायचे. या गोड रिवाजाने आपल्या भाषेतल्या एका अत्यंत मोलाच्या शब्दाची धार बोथट केली आहे, हे आम्हांला परक्या मुलखात, परक्या भाषेत उमजले. 'नको' हे पूर्ण वाक्य आहे. त्याला कारण जोडावे लागत नाही आणि त्यावर अपील नसते. दारावर आम्ही जो कागद लावला त्यातले पहिले कलम हेच होते: विचारल्याशिवाय कुणालाही, कुणाच्याही वस्तूला हात लावायचा नाही, आणि एकदा नकार आला की त्या रात्री पुन्हा विचारायचे नाही.

परंतु गुंतागुंत अशी की खेळाच्या आत 'नको' हा संवादाचा भाग असू शकतो. नाटकातली राणी 'मला मारू नका' म्हणते तेव्हा प्रेक्षकातून कुणी पोलिसांना बोलावत नाही. म्हणून खेळाबाहेरचा एक शब्द लागतो. त्याला सेफवर्ड म्हणतात. वाहतुकीच्या दिव्यांचे रंग बहुतेक ठिकाणी चालतात: हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे तत्क्षणी थांबा. या शब्दाचे सामर्थ्य त्याच्या अर्थात नाही, तो नाटकाच्या संहितेत नाही यात आहे. सूत्रधार जसा कथेच्या बाहेर उभा राहून कथा थांबवू शकतो, तसा तो शब्द. बेणारेबाईंपाशी असा शब्द नव्हता. त्या खेळात त्या जे काही बोलल्या ते आरोपीचे बोलणे म्हणून नोंदले गेले; त्यांचा राग, त्यांचे गप्प बसणे, त्यांचे उठून जाऊ पाहणे, सारे खटल्याच्या कामकाजात जमा झाले.

हे नियम आमच्या बुद्धीतून निघालेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली द यूलेनस्पीगल सोसायटी आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ साली सोसायटी ऑफ जेनस या संस्था निघाल्या. एकमेकांना शिकवणे, सावध करणे हे त्यांचे मोठे काम. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घराच्या तळघरात १९७५ मध्ये कॅटाकूम्ब्ज नावाचे खेळघर सुरू झाले. स्टीव्ह मॅकेचर्न हा त्याचा यजमान. मानववंशशास्त्रज्ञ गेल रूबिन यांनी त्या जागेवर पुढे एक निबंध लिहिला; तो १९९१ साली 'लेदरफोक' या संग्रहात आला. बाहेरून पाहणाऱ्याला जे निव्वळ बेबंद वाटावे त्यामागे यजमानाची किती काटेकोर निगा असते, याचा तो निबंध म्हणजे दस्तऐवज आहे. 'सुरक्षित, विवेकी, संमतीपूर्वक' ही त्रिपदी न्यूयॉर्कच्या एका पुरुषसंघटनेने १९८३ मध्ये रूढ केली. नव्वदच्या दशकाअखेर काहींनी तीवर आक्षेप घेतला की पूर्ण सुरक्षित असे काही नसतेच, तेव्हा 'जोखमीची जाण ठेवून दिलेली संमती' म्हणणे अधिक प्रामाणिक. आम्हांला हा दुसरा पाठभेद अधिक पटला. का, ते पुढे येईलच.

आता कायद्याविषयी. १९८७ साली इंग्लंडमधल्या पोलिसांच्या हाती एक चित्रफीत लागली आणि तिच्यातून 'ऑपरेशन स्पॅनर' नावाचा तपास उभा राहिला. काही पुरुषांनी खासगी जागेत, परस्परसंमतीने एकमेकांना वेदना दिल्या होत्या. त्यांपैकी कुणी तक्रार केली नव्हती, कुणाला वैद्यकीय उपचारही लागले नव्हते. तरी १९९० मध्ये शिक्षा झाल्या. ११ मार्च १९९३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मताने त्या कायम केल्या: १८६१ च्या कायद्याखालील शारीरिक इजेच्या गुन्ह्यांत अशी संमती हा बचाव होऊ शकत नाही. १९९७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. मुष्टियुद्धात नाक फोडून घ्यायला संमती चालते, इथे चालत नाही. याहून विलक्षण गोष्ट अशी की ज्यांनी वेदना घेतली त्यांच्यापैकी काहींना स्वतःवरच्या हल्ल्याला साहाय्य केल्याबद्दल दोषी धरण्यात आले.

गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, इंग्रजांनीच हिंदुस्थानासाठी केलेल्या दंडसंहितेत ८७ वे कलम होते. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसेल आणि तसे होण्याचा संभव माहीत नसेल, तर अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय. आणि दाखला दिला आहे करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचा. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ते २५ वे कलम म्हणून टिकून आहे. आमच्यासारख्या खेळाला ते कितपत लागू पडावे हा न्यायालयांचा प्रश्न. आम्हांला कुतूहल वाटते ते याचे, की खेळात माणूस संमतीने घाव घेऊ शकतो ही कल्पना त्या मसुदाकारांना अपरिचित नव्हती.

आणि तरीही आम्ही ब्रिटनच्या कायद्याला सरसकट नावे ठेवू शकत नाही. २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्यात ७१ वे कलम आले. लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती, असा बचाव चालणार नाही, असे ते सांगते. त्यामागे जीव गमावलेल्या स्त्रियांची मोठी यादी होती; त्यांना मारणाऱ्या पुरुषांनी कोर्टात उभे राहून 'तिलाच ते हवे होते' असे सांगितले होते. मेलेली व्यक्ती साक्ष द्यायला येत नाही. आमच्या खेळाची भाषा चोरून कुणी खुनाची सारवासारव करत असेल तर त्या भाषेचे रक्षण करण्याची पहिली जबाबदारी आमच्यावर येते. आम्ही या दोन गोष्टी एकाच वेळी मानतो, आणि त्या एकमेकींना टोचत राहतात.

तर सांगायची गोष्ट पुढे आहे.

आमच्या तिसऱ्या मेळाव्यात एक तरुणी आली. तिचे नाव, गाव, काम काहीच सांगणार नाही. तिच्यासोबत जो होता तो आमचा जुना स्नेही, दोरीच्या कामात मुरलेला, आम्हांला जागा मिळवून देण्यात पुढाकार घेतलेला. त्याने तिला बांधले. सारे नियम पाळले गेले होते: आधी बोलणे झाले होते, शब्द ठरला होता, कात्री शेजारी होती. काही वेळाने आमच्यापैकी जो निरीक्षक होता तो फेरी मारत तिथे आला. ती अगदी शांत होती. त्याने विचारले, "सगळे ठीक?" उत्तर आमच्या स्नेह्याने दिले, "ती मजेत आहे." निरीक्षक हसला आणि पुढे गेला.

ती मजेत नव्हती. दंडावरच्या आवळ्याने तिची रेडियल नर्व्ह दबत होती. हाताला मुंग्या येऊन मग काहीच जाणवेनासे झाले होते. आणि भीतीने, संकोचाने, किंवा ज्या अवस्थेत माणसाला शब्दच सापडत नाही तिच्यामुळे, तिला 'लाल' म्हणता आले नाही. निवांत खोलीत परिचारिकेने तिला मनगट उचलायला सांगितले. ते उचलले जाईना. आम्ही तिला त्याच रात्री इस्पितळात नेले. हात पूर्ववत व्हायला सात आठवडे लागले.

त्यानंतरच्या बैठका आठवल्या की आजही आम्हांला लाज वाटते. पहिल्या बैठकीत आम्ही दोन तास बोललो आणि त्या दोन तासांत बहुतेक वाक्यांचा कर्ता तो होता. तो किती अनुभवी आहे, त्याने किती केले आहे, त्याचा हेतू वाईट नव्हता. मग वाक्यांचा कर्ता ती झाली, पण क्रियापद नकारार्थी: तिने सांगितले नाही, तिने शब्द वापरला नाही, तिने आधी अनुभव नसल्याचे स्पष्ट केले नाही. साहित्याच्या शिक्षकांना एवढे तरी ऐकू यायला हवे होते. शेवटी ग्रंथपाल म्हणाली, "आपण हे सारे बोलतो आहोत, त्यात 'आपण' हा शब्द अजून एकदाही आलेला नाही." बैठकीत बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग निरीक्षक, जो आम्हां दोघांपैकीच एक होता, म्हणाला, "मी चुकीच्या माणसाला विचारले."

त्या एका वाक्यावर सारे उलगडले. नियम आम्ही लिहिले होते. पण त्यात अशी सोय ठेवली नव्हती की बोलू न शकणाऱ्याचे आम्हांला ऐकू येईल. सेफवर्डवर आम्ही इतके विसंबलो की तो न उच्चारणे म्हणजेच संमती, असे धरून चाललो. म्हणजे आग्रहाच्या पंगतीपासून निघून आम्ही फिरून तिथेच पोचलो होतो. तिथे 'नको'चा अर्थ 'वाढा' होत असे. इथे मौनाचा अर्थ 'हो' झाला.

तिला आम्ही पत्र लिहिले. क्षमा मागितली, औषधोपचाराचा खर्च देऊ केला, पोलिसांकडे जायचे असल्यास सोबत येऊ आणि जे पाहिले ते सांगू असेही लिहिले. तिचे उत्तर चार ओळींचे होते. पोलिसांकडे जाणार नव्हती. तिने १९९३ च्या निकालाविषयी वाचले होते, आणि आपण तिथे गेलो याचाच आधी जाब द्यावा लागेल, अशी तिला भीती होती. तेव्हा आम्हांला त्या निकालाची दुसरी बाजू दिसली. जो कायदा 'हो'ला किंमत देत नाही, त्याच्यासमोर 'नको' सांगायलाही माणूस कचरतो. संमती मोजलीच जाणार नसेल तर ती मोडल्याची फिर्याद कुठे न्यायची? पत्राच्या अखेरीस तिने एकच मागणी केली होती. त्याला काढा किंवा ठेवा, ते तुमचे तुम्ही पाहा. पण तुमच्या नोंदवहीत लिहा की मला कुणी विचारले नाही.

आम्ही लिहिले. तारखेसह, निरीक्षकाच्या नावासह, तिच्याच शब्दांत. आमच्या स्नेह्याला आम्ही यापुढे येऊ नये असे कळवले. त्याने ते मनाला लावून घेतले आणि सुतारही त्याच्याबरोबर गेला. चौकटी त्याने ठेवल्या, मैत्री नेली. सहाचे पाच झालो. वर्षभर मेळावे बंद ठेवले, आणि पुन्हा सुरू केले तेव्हा नियम बदलले होते. निरीक्षक प्रश्न विचारतो तो बांधलेल्या व्यक्तीला, तिच्या डोळ्यांत पाहून, आणि उत्तर तिच्याकडूनच यावे लागते. दुसऱ्याने दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हे, त्यावर खेळ थांबतो. प्रश्नही 'ठीक?' असा नसतो, कारण त्याला भिडेने 'हो' म्हणणे फार सोपे. 'बोटे हलवून दाखवा' असा असतो. जिला बोलणे जड जाईल तिच्या हाती लहानशी घंटा देतो. मूठ सैल झाली, घंटा पडली, की दोर सुटलाच पाहिजे. म्हणजे आता थांबवण्यासाठी काही करावे लागत नाही. चालू ठेवण्यासाठी करावे लागते. ओळखीच्या, जाणकार, लोकप्रिय माणसासमोर निरीक्षकाने अधिक वेळ उभे राहायचे, हाही नियम झाला. अनोळखी माणसावर सगळेच नजर ठेवतात.

आणि दर मेळाव्याआधी नोंदवहीतले ते पान वाचायचे. मोठ्याने, नवख्यांसमोर. पहिल्यांदा हे सुचवले तेव्हा हिशेबनीस म्हणाला होता की लोक घाबरून निघून जातील. दोघे गेले. बाकीचे राहिले, आणि त्यांतली एक प्रौढ बाई नंतर चहा घेताना म्हणाली, "जिथे चूक झालीच नाही असे सांगतात, तिथे मी कोट काढत नाही."

बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत नाटकात कुणालाच ऐकू जात नाही. भोवतालची माणसे गोठलेली असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. वर्गात आम्ही ही रंगयुक्ती म्हणून शिकवत आलो. आता शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना आधी एक प्रश्न विचारतो: त्या खोलीत इतकी माणसे होती, त्यांच्यापैकी बाईंना थेट, खेळाबाहेर येऊन, कुणी काही विचारले का? मुले पाने उलटू लागतात.

ती तरुणी पुन्हा आली नाही. यावे अशी अपेक्षा ठेवण्याचा आम्हांला अधिकारही नाही. महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी, सायंकाळी पाचच्या सुमारास, आम्ही पाच जण गिरणीपाशी जमतो. चहाचे पाणी ठेवतो, कात्र्या जागच्या जागी आहेत का पाहतो, घंटा वाजवून बघतो. मग आमच्यातला एक जण आत जातो, दार लोटून घेतो, आणि हाताने न उघडता नुसता अंग टेकून बाहेर येतो. दार उघडते. दर वेळी उघडते. तरी पुढच्या महिन्यात आम्ही ते पुन्हा करून पाहतो.